एकेका रेणूची हजेरी

एक प्रयोग सुचवते. दुपारी, गर्दी जरा कमी असताना, ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहायचं आणि खालून जाणाऱ्या गाड्यांमधल्या प्रत्येक प्रवाशाचा वेग मोजायचा. दिशेसकट, म्हणजे व्हेक्टर. समजा, जेवढे लोक कल्याणकडे चाललेत तेवढेच सीएसएमटीकडे चाललेत. आता सगळ्यांची सरासरी काढा. उत्तर येईल शून्य! मग जर्नलमध्ये कन्क्लूजन लिहायचं, ‘ठाणे स्टेशनात कोणीही हलत नाही’, आणि खाली सरांची सही घ्यायची.

हसण्यासारखं आहे खरं, पण प्रोटीनच्या बाबतीत शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं जवळपास असंच मोजावं लागलं. त्यात त्यांचा दोष नव्हता. एक मायक्रोमोलर द्रावणाचा ५० मायक्रोलिटरचा थेंब घेतला तर त्यात सुमारे ३० लाख कोटी रेणू असतात. यंत्र त्या सगळ्यांचं मिळून एकच रीडिंग देतं. कुठला रेणू उघडला, कुठला मिटला, कुठला दुसऱ्याला चिकटून बसला, काही कळत नाही. वर्गाची सरासरी हजेरी ७५ टक्के आहे म्हणजे प्रत्येक जण चारपैकी तीन लेक्चरला बसतो असं नाही, हे आपल्या हॉस्टेलवर कोणाला समजावून सांगायला नको. काही जण रोज असतात, आणि काही जणांचा चेहरा सरांनी फक्त सबमिशनला पाहिलेला असतो.

थर्ड इयरच्या सेमिनारला मी हा विषय घेतला त्याला कारण आमचे आजोबा. दोन वर्षांपूर्वी ते डोंबिवलीत सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि दुपारी टिटवाळ्याच्या प्लॅटफॉर्मवर सापडले. गाडीत का बसलात, ते त्यांना सांगता येईना. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. मी नेटवर वाचायला लागले आणि वाचता वाचता मुंबईच्याच एका लॅबच्या पेपरपाशी येऊन थांबले. त्यातलं बायोलॉजी डोक्यावरून गेलं, पण मधल्या पानांवर चक्क ऑटोकोरिलेशन होतं! सिग्नल्सच्या पेपरात आम्ही ईएक्सटीसीवाले ज्याच्या नावाने बोटं मोडतो, तेच.

आधी फ्लुरोसन्स म्हणजे काय ते बघू. दुकानदार नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यातले बारीक तंतू चमकतात, तोच हा प्रकार. रेणू एका रंगाचा प्रकाश गिळतो आणि काही नॅनोसेकंदांनी त्याहून कमी ऊर्जेचा, म्हणजे तांबड्या बाजूकडचा प्रकाश बाहेर टाकतो. रंगातला हा फरक फार कामाचा आहे. फिल्टर लावून लेसरचा मूळ प्रकाश अडवता येतो, मग मागे उरतो तो फक्त रेणूने दिलेला. या कामातली एक नेहमीची रंगद्रव्यं म्हणजे ऱ्होडामीन. डोंबिवलीकरांना रंग नवे नाहीत, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला गुलाबी झालेला रस्ता सगळ्या पेपरांत झळकला होता. ऱ्होडामीन कुटुंबातला ‘ऱ्होडामीन बी’ खाण्यात घालायला आपल्याकडे मनाई आहे, तरी जत्रेतल्या बुढ्ढी के बालमध्ये तो सापडतो. २०२४ मध्ये तमिळनाडूने त्यापायी त्याच्या विक्रीवर बंदी घातली. हाच चमकणारा रंग लॅबमध्ये प्रोटीनच्या एका ठरावीक जागी बांधतात. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा.

पण एकच रेणू दिसणार कसा? उत्तर ऐकून मला तर थोडी निराशाच झाली, इतकं ते साधं आहे. द्रावण पातळ करायचं आणि बघायची जागा लहान करायची. कॉन्फोकल मायक्रोस्कोपमध्ये लेसर एका ठिपक्यावर आणतात, त्याचं आकारमान साधारण एक फेम्टोलिटर. म्हणजे एक मायक्रोमीटर बाजूचा घन. द्रावण एक नॅनोमोलर असेल तर अवोगाद्रोचा आकडा घालून स्वतःच करून बघा: त्या ठिपक्यात एका वेळी सरासरी ०.६ रेणू येतो. म्हणजे कधी एक असतो, कधी कोणीच नसतं. समोर ॲव्हलांच फोटोडायोड बसवतात. पुस्तकात ज्या ॲव्हलांच ब्रेकडाऊनपासून डायोडला वाचवायचं असं शिकवतात, त्याच्याच जोरावर हा एकेक फोटॉन मोजतो. एकट्या रेणूचा माग पहिल्यांदा लागला १९८९ मध्ये, अमेरिकेत आयबीएमच्या लॅबमध्ये मोर्नर आणि काडोर यांना, तोही द्रवरूप हेलियमच्या थंडीत गोठलेल्या स्फटिकात. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ओरिट आणि बर्नार्ड यांनी तो फ्लुरोसन्सने पाहिला. मोर्नरना २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता मोजायचं काय? पहिली गोष्ट, प्रोटीनचा आकार. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, ती घडी घालून बसते आणि त्या घडीवर तिचं सगळं काम अवलंबून असतं. माळेच्या दोन जागांमधलं अंतर मोजलं की घडी कळली. पण अंतर असतं तीन-चार-सहा नॅनोमीटर, तिथे कुठली पट्टी लावणार? त्यासाठी दोन रंग बांधतात, एक देणारा आणि एक घेणारा. दोघं जवळ असले तर पहिला आपली ऊर्जा प्रकाश न टाकताच दुसऱ्याला देऊन टाकतो आणि चमकतो दुसरा. याला फ्रेट म्हणतात, सिद्धान्त फॉर्स्टर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचा, १९४० च्या दशकातला. मजा आहे ती अंतराच्या सहाव्या घाताची. दोन रंगांचं ‘निम्मं अंतर’ म्हणजे ज्या अंतरावर ५० टक्के ऊर्जा पोचते ते, समजा ५ नॅनोमीटर आहे. मग ४ नॅनोमीटरवर ७९ टक्के पोचते, ६ वर २५ टक्के आणि १० वर जेमतेम दीड टक्का. लेक्चरमधली मागच्या बाकावरची कुजबुज शेजारच्याला पूर्ण ऐकू जाते, एक बाक सोडून अर्धवट, आणि सरांना अजिबात नाही (असं आपल्याला वाटतं). १९६७ मध्ये स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी ठरावीक लांबीच्या माळा वापरून ही पट्टी तपासून दाखवली, आणि १९९६ मध्ये तैकजिप हा आणि सहकाऱ्यांनी ती एकाच जोडीवर चालवली.

या पट्टीचं एक काम आपल्या जवळच झालेलं आहे. कुलाब्याला, नेव्ही नगरात, समुद्राच्या अगदी कडेला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च आहे, भाभांनी १९४५ मध्ये सुरू केलेली. तिथले जी. कृष्णमूर्ती आणि याच संस्थेच्या बंगळुरूच्या केंद्रातले जयंत उदगावकर (जे पुढे पुण्याच्या आयसरचे संचालक झाले) यांच्या गटांनी बारस्टार नावाचं, ८९ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रोटीन घेतलं. प्रोटीनची घडी मोडते ती स्विचसारखी, एकतर घडी आहे नाहीतर नाही, असं कित्येक लहान प्रोटीन्सबद्दल मानत. सरासरीने मोजलं तर तसंच दिसतं. यांनी मात्र सरासरी न घेता फ्लुरोसन्स किती नॅनोसेकंदांत विझतो याचा पूर्ण ग्राफ घेतला आणि त्यातून अंतरांची वाटणी काढली, म्हणजे किती रेणूंमध्ये किती अंतर ते. २००१ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की बारस्टार एकदम मोडत नाही, हळूहळू फुगत जातं. हे काम तंतोतंत एकेकट्या रेणूवरचं नाही, हे कबूल करते. पण वर्गाची सरासरी टाकून देऊन मार्कांचा हिस्टोग्राम मागणं ही त्याच वाटेवरची पायरी आहे.

दुसरी गोष्ट, हालचाल. इथे तर सरासरीची पुरती फजिती होते. पेशीत मालाची ने-आण करणारी मोटर प्रोटीन्स असतात. त्यातलं मायोसिन-५ दोन पायांचं आहे आणि तंतूवरून दर पावलाला ३७ नॅनोमीटर पुढे सरकतं. प्रश्न असा होता, की ते माणसासारखं एकेक पाय पुढे टाकत चालतं, की अळीसारखं मागचा पाय ओढून घेत सरकतं? मध्यभागी दिवा लावला तर दोन्हीत ३७-३७ च दिसणार. म्हणून २००३ मध्ये यिल्दिझ, सेल्विन आणि सहकाऱ्यांनी रंग एका पायापाशी बांधला. अळी असेल तर तो पाय दर वेळी ३७ सरकेल, चालणारा असेल तर एकदा ७४, मग शून्य, मग पुन्हा ७४. निघाले ७४! पण प्रकाशाचा ठिपकाच मुळी पाव मायक्रोमीटर रुंद, मग एवढी बारीक पावलं दिसली कशी? ठिपका कितीही धूसर असला तरी त्याचा मध्य नेमका काढता येतो, आणि तो किती नेमका हे फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळावर ठरतं. १० हजार फोटॉन गोळा केले की चूक शंभर पटीने कमी, म्हणजे साधारण एक-सव्वा नॅनोमीटर. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरातलं स्टँडर्ड एरर ते हेच.

मेकॅनिकलवाल्यांनी रागावू नये म्हणून त्यांच्यासाठी एक. डायनिन नावाच्या मोटरला गिअर आहेत! ओझं नसताना ती २४ ते ३२ नॅनोमीटरच्या ढांगा टाकते आणि ओझं वाढलं की ८ नॅनोमीटरवर येते, भरलेली एसटी घाटात खालचा गिअर टाकते तशी. हे २००४ मध्ये रूप मल्लिक यांनी कॅलिफोर्नियात काम करताना सहकाऱ्यांबरोबर दाखवलं. नंतर ते टीआयएफआरला आले, आणि तिथून आयआयटी मुंबईला. त्यांचं मुख्य हत्यार फ्लुरोसन्स नाही, लेसरचा चिमटा आहे, त्यामुळे ते सविस्तर पुढच्या वर्षी कोणीतरी लिहावं. असो.

आता माझ्या पेपराकडे येते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ॲमिलॉइड-बीटा नावाच्या छोट्या प्रोटीनचे, ४० किंवा ४२ अमिनो आम्लांच्या माळेचे, गठ्ठे साचलेले दिसतात. पूर्वी वाटायचं, हे मोठे गठ्ठेच वाईट. मग संशय वळला तो लहान गोळ्यांवर, चार-सहा-दहा रेणूंनी एकत्र येऊन केलेल्या. त्यांना ऑलिगोमर म्हणतात. अडचण अशी, की हे गोळे असतात थोडेसेच, सुट्या रेणूंच्या गर्दीत. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये पाच पाकीटमार असले तर डब्यातल्या लोकांच्या सरासरीवरून ते कधी सापडतील का?

इथे ऑटोकोरिलेशन आलं. रात्रीचा प्लॅटफॉर्म डोळ्यांसमोर आणा, सगळे दिवे गेलेत आणि एकच चालू आहे. अंधारातून माणसं त्या उजेडात येतात आणि पलीकडे जातात. एकटा माणूस पटकन जातो, हात धरून चाललेलं वऱ्हाड हळू. चेहरे दिसले नाहीत तरी उजेडात किती वेळ हालचाल राहिली यावरून घोळका केवढा ते कळतं. तसंच इथे. लेसरच्या ठिपक्यातून रेणू आरपार जातात तेव्हा प्रकाश सतत कमीजास्त होतो. कम्युनिकेशनच्या तासाला ज्याला नॉइज म्हणून फिल्टर करून टाकतात, ती इथे माहिती आहे. तो सिग्नल घ्यायचा, थोडा उशिराने सरकवायचा आणि स्वतःशीच गुणायचा. जोवर तोच रेणू ठिपक्यात आहे तोवर गुणाकार मोठा, तो बाहेर पडला की कोसळतो. कोसळायला लागलेला वेळ म्हणजे रेणूला ठिपका ओलांडायला लागलेला वेळ, आणि स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्राने त्यातून त्रिज्या. शिवाय शून्य विलंबाला वक्राची उंची असते एक भागिले सरासरी रेणूसंख्या, म्हणजे हजेरीसुद्धा फुकटात मिळाली! याचं नाव फ्लुरोसन्स कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी. १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मॅग्डे, एल्सन आणि वेब यांनी ती काढली, आणि त्या वेब यांच्याबरोबर काम केलेले सुदीप्त मैती पुढे टीआयएफआरला आले.

मैती आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा तो पेपर २०११ चा. एकट्या ॲमिलॉइड-बीटा रेणूची त्रिज्या त्यांनी मोजली ०.९ नॅनोमीटर. माझ्या हिशोबाने, पाव मायक्रोमीटर त्रिज्येचा ठिपका ओलांडायला अशा रेणूला पन्नास-साठ मायक्रोसेकंद पुरतात. पण खरी गंमत पुढे आहे. मेंदूभोवतीच्या पाण्यासारखंच द्रावण घेऊन त्यांनी प्रोटीनचं प्रमाण वाढवत नेलं. जवळपास ३ मायक्रोमोलरपर्यंत बहुतेक रेणू एकटेच राहिले, त्यापुढे मोठे गठ्ठे झाले. चहात साखर टाकत गेलो तर एका हद्दीपर्यंत ती विरघळते आणि मग तळाशी बसते, तसं. आणि खऱ्या मेंदूभोवतीच्या पाण्यात हे प्रोटीन असतं ते नॅनोमोलरच्या आसपास, म्हणजे हद्दीच्या हजार पट खाली, निरोगी माणसात आणि रुग्णातही. मग तिथे गोळे आपोआप व्हायलाच नकोत!

म्हणजे तिथे गोळे असतील तर ते तयार होऊनच तिथे येत असले पाहिजेत, असं त्यांनी लिहिलं. आणि एवढ्या पातळ जागी आले तर सुटे का होत नाहीत? तेही त्यांनी बघितलं. एनर्जीच्या दृष्टीने सुटं होणंच फायद्याचं आहे, पण मध्ये मोठा अडथळा आहे. कसारा घाटाच्या माथ्यावर खड्ड्यात चाक रुतलेला ट्रक समजा. उतार समोर आहे, खाली जायला इंजिनसुद्धा लागणार नाही, पण खड्ड्यातून चाक बाहेर निघत नाही. हे मला फार आवडलं, कारण यातून एक इलाज सुचतो. ट्रक खेचून खाली न्यायची गरज नाही, खड्डा बुजवणारा कोणीतरी हवा, म्हणजेच कॅटॅलिस्ट. असं औषध थर्मोडायनॅमिक्सच्या नियमात बसतं, हेही त्या पेपरात स्पष्ट म्हटलं आहे.

या पद्धतीची एक खोट मात्र आहे. त्रिज्या वजनाच्या घनमुळाने वाढते. म्हणजे आठ रेणू चिकटले तेव्हा कुठे त्रिज्या दुप्पट होणार, आणि दोनाचे तीन झाले तर फरक कळणारही नाही. मग नेमकी संख्या मोजायची कशी? त्यासाठी रंगाच्या एका वाईट सवयीचा फायदा घेतात. लेसरखाली खूप वेळ राहिला की रंगाचा रेणू कायमचा विझतो, हळूहळू नाही, एका क्षणात. समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या रात्री एकेक करून अंधारतात, तसा एका गोळ्याचा उजेड पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. जेवढ्या पायऱ्या, तेवढे रेणू. टीआयएफआरमध्ये ही मोजणी चिकटणाऱ्या प्रोटीनच्या गोळ्यांवर केली गेली, पेशीच्या पडद्याला केवढा गोळा किती चिकटतो ते बघायला. मला ही सगळ्यात आवडलेली पद्धत, कारण हिच्यात सूत्रच नाही, फक्त पायऱ्या मोजायच्या.

ही मोजणी का महत्त्वाची, ते सांगते. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक पेपर आला होता, की उंदरांच्या मेंदूतला ५६ किलोडाल्टनचा एक ठरावीक गोळाच विस्मरणाला कारण आहे. तो फार गाजला, आणि जून २०२४ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार झालेला होता. जेलवरच्या काळ्या पट्ट्यांची ती चित्रं. त्यामुळे ऑलिगोमरची सगळी कल्पनाच खोटी ठरत नाही, पण कुठला गोळा, केवढा गोळा, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला.

आणि एकेकटा रेणू बघणारेही काही देव नाहीत. ॲमिलॉइड-बीटाचं वजन साडेचार हजार डाल्टनच्या आसपास, आणि त्याला बांधलेला ऱ्होडामीन चार-पाचशेचा. पन्नास किलोच्या मुलीच्या पाठीला पाच किलोची सॅक बांधायची आणि म्हणायचं, आता नेहमीसारखी चाल! म्हणून अशा प्रयोगांत रंग लावलेले थोडे आणि बिनरंगाचे जास्त रेणू मिसळून बघतात, चिकटण्यात फरक पडत नाही ना याची खात्री करायला. शिवाय काचेवरचा थेंब म्हणजे मेंदू नाही. तिथे पेशींचे पडदे आहेत, इतर हजारो प्रोटीन्स आहेत, आणि गोळे बहुधा तिथेच कुठेतरी, जिथे रेणूंची गर्दी दाटते, तयार होत असावेत.

आजोबांच्या डॉक्टरांना मी लेकॅनेमॅबबद्दल विचारलं होतं. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध म्हणजे ॲमिलॉइडच्या गोळ्यांना पकडणारी अँटिबॉडी. ट्रायलमध्ये १८ महिन्यांत रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, पण ती थांबली नाही, आणि गेलेलं काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी आहे. आणि मला लगेच पुलावरचा प्रयोग आठवला. २७ टक्के हीसुद्धा सरासरीच की! ट्रायलमधल्या कोणाला जास्त उपयोग झाला, कोणाला अजिबात नाही, ते त्या एका आकड्यात दिसत नाही.